लांबच्या फ्लाइट बाहेरच्या वैमानिकांकडे : आपल्या करारात कलम हवं की नको?

भाट्येकर
नमस्कार मंडळी. चार दिवस सुट्टीवर रत्नागिरीला आलोय. बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते इथेच लिहितो, कारण इथे वैमानिकही आहेत आणि बोटीवरचे लोकही आहेत, दोघांनाही हे लगेच कळेल.

मी नॅरोबॉडीवर, म्हणजे जवळच्या पल्ल्याच्या छोट्या विमानावर, एफओ (सहवैमानिक) आहे, सहा वर्षं झाली. कंपनीचं नाव लिहीत नाही, प्लीज विचारू नका. गेल्या महिन्यात मुंबईला रात्री पावणेदोनला पुशबॅकची (विमान मागे ढकलून निघायची) वाट बघत बसलो होतो. शेजारच्या बेवर एक वाइडबॉडी, म्हणजे लांब पल्ल्याचं मोठं विमान, उभं, शेपटीवर आमचाच रंग, फ्लाइट नंबर आमचा, तिकिटं आमच्याच काउंटरवरून विकलेली. कॉकपिटचा दिवा चालू होता आणि शर्टाच्या बाह्या दुमडून कागद बघत बसलेला माणूस मात्र आमच्या सीनियॉरिटी लिस्टमध्ये कुठेच नाही. विमान आणि वैमानिक दुसऱ्या देशातल्या कंपनीचे, केबिन क्रू बहुतेक आमचा, ह्याला डॅम्प लीज म्हणतात. माझे कमांडर (विमानाचे कॅप्टन) चौदा वर्षं वाइडबॉडीची वाट बघतायत. त्यांनी एकदा मान वळवून तिकडे बघितलं, आणि मग पाण्याची बाटली उघडून परत झाकण लावलं, प्यायलेच नाहीत. तेवढंच. पण मला ते विसरता येत नाहीये.

अमेरिकेत वैमानिकांच्या करारात पहिलंच कलम ह्या विषयावर असतं, स्कोप क्लॉज म्हणतात. कंपनीच्या नावाने होणारं उड्डाण कंपनीच्याच लिस्टवरचे वैमानिक करतील, आणि बाहेर द्यायचं तर किती, कुठली विमानं, किती सीटची, सगळं लिहिलेलं. आपल्याकडे एकेकट्याच्या हातात अपॉइंटमेंट लेटर असतं, त्यात मध्येच सोडलं तर भरायचा बाँड किती हे मोठ्या अक्षरात आणि उडायला काय मिळणार ह्याबद्दल एक ओळ नाही.

माझं मत, असं कलम आपल्याकडे मागायलाच हवं. पुढच्या आठवड्यात आमच्या काही वैमानिकांची बैठक आहे, तिथे मांडणार आहे. तुम्हाला काय वाटतं?

मालवणचो_झील
भाट्येकरानू, ह्यो विषय माका शंभर टक्के समाजलो. विमान मी खालसून बघतंय तेवढाच, पण आमच्या दर्यात ह्याच चालू आसा. कर्नाटकातल्या मलपीचे ट्रॉलर रात्रीचे येतत, किनाऱ्याच्या जवळ जाळी टाकतत आणि मासळी घेवन जातत. पोरा हिकडे होडी ओढून बसतत.

व्हीवन
कमांडर आहे, नॅरोबॉडीवरच. तरीही मी भाट्येकरांशी सहमत नाही, आणि का ते नीट लिहितो.

लीज कोणी हौसेने घेत नाही. विमानं वेळेवर येत नाहीयेत. उदाहरण उघड आहे, इंडिगोने २०२३ पासून टर्किश एअरलाइन्सची बोइंग ७७७ घेतली इस्तंबूलसाठी, मग २०२५ ला नॉर्वेच्या नॉर्स कंपनीची बोइंग ७८७ घेऊन जुलैत मुंबईहून मँचेस्टर आणि ॲमस्टरडॅम सुरू केलं. त्यांची स्वतःची ऑर्डर ६० ए३५० ची आहे पण ती विमानं यायची आहेत. मधल्या काळात काय करायचं? युरोपातल्या गर्दीच्या विमानतळावरचा स्लॉट (उतरायची-उडायची ठरलेली वेळ) म्हणजे एसटीच्या सीटवर टाकलेला रुमाल नव्हे, वापरला नाही की गेला. आणि तोपर्यंत आपला माणूस दुबईमार्गे जातोच आहे. भारत-दुबई उड्डाणांचे हक्क प्रत्येक बाजूला आठवड्याला साधारण ६६ हजार सीटचे आहेत आणि त्यांच्याकडून ते अजून वाढवून मागणं चालूच असतं. लांबचा प्रवासी एकदा आखाती कंपन्यांच्या सवयीचा झाला की परत आणायला पिढी जाते.

आज लीजचं विमान मार्ग उघडतं, उद्या आपलं विमान आलं की आपला वैमानिक बसतो. कलम घालून लीज बंद केली तर मार्गच नसेल. मग कमांडर साहेबांना चौदाच्या जागी वीस वर्षं थांबावं लागेल.

देवगडची_पेटी
मी आंब्यातली, विमानातलं कळत नाही. पण हे वाचून एकदम आमची पेटी आठवली. वाशी मार्केटला पेटीवर देवगड हापूस छापलेलं आणि आत कर्नाटकचा आंबा. गिऱ्हाईक नाव बघून पैसे देतं. २०१८ ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं तेव्हा कुठे कायद्याने बोट दाखवता आलं की हापूस म्हणजे ह्या पाच जिल्ह्यांतलाच. तुमचं ते कलम म्हणजे वैमानिकांचं जीआय का?

भाट्येकर
देवगडची_पेटी ताई, इतकं चपखल मला चार पानांत लिहिता आलं नसतं! बैठकीत हेच सांगणार. फक्त एक फरक, लीजवर येणारा वैमानिक वाईट नसतो, अनुभवी असतो. आंबा गोडच आहे, प्रश्न बाग कोणाची सुकते हा आहे.

व्हीवन सर, मधल्या काळासाठी हे मान्य. पण मधला काळ म्हणजे किती, हे कुठे लिहिलंय? मला सोडून जायचं तर २०१७ पासून नियम आहे, कमांडरला एक वर्ष नोटीस आणि एफओला सहा महिने. माझ्यावर कॅलेंडर लावलेलं आहे. कंपनीवर का नाही?

व्हीवन
नोटीसचा मुद्दा बरोबर आहे. तो मलाही खुपतो.

चिपीकर
मँचेस्टर ॲमस्टरडॅम राहूदे हो, आमच्या सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळाचं काय? ९ ऑक्टोबर २०२१ ला उद्घाटन झालं तेव्हा आख्खं परुळं धावपट्टीकडे लोटलं होतं, माझ्या आजीने पहिल्यांदा एवढ्या जवळून विमान बघितलं आणि नारळ वाढवायचा हट्ट धरला होता. आता मुंबईला जायचं तर लोक गोव्याच्या मोपा विमानतळावर जातात. कोणी वैमानिक सांगेल का एटीआर (पंख्याचं छोटं विमान) पावसात उतरायला चिपीला काय अडचण येते?

निवृत्त_कॅप्टन
चिपीकर, वेगळा धागा काढा, सविस्तर लिहीन. चिपी पठारावर आहे, पावसाळ्यात ढग धावपट्टीला टेकतात आणि समुद्रावरून वारा आडवा येतो. ह्या धाग्यात मला दुसरं सांगायचं आहे.

मी २०१२ च्या संपात होतो. नव्या मुलांना हे माहीत नसेल म्हणून सांगतो. २००७ ला एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स एक झाल्या, पण वैमानिकांच्या संघटना दोनच राहिल्या, एअर इंडियावाल्यांची गिल्ड आणि इंडियन एअरलाइन्सवाल्यांची असोसिएशन. ड्रीमलायनर, म्हणजे नवं वाइडबॉडी ७८७, यायचं होतं. त्याच्या ट्रेनिंगला इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांना पाठवायचं ठरलं आणि गिल्डचे वैमानिक मे महिन्यात आजारी पडले, एकजात सगळे. ५८ दिवस. कोर्टाने संप बेकायदा ठरवला, कितीतरी जणांना काढलं, जुलैत संप मागे घेतला. लांबची उड्डाणं कापावी लागली ती वेगळीच.

आज मागे वळून बघताना एकच गोष्ट टोचते. आम्ही इतक्या ताकदीने भांडलो ते कोणाशी? आमच्याच धावपट्टीवरून उडणाऱ्या, आमच्यासारखाच लायसन्स असलेल्या माणसाशी. वाइडबॉडीची सीट ही किती नाजूक गोष्ट आहे हे मला तेव्हा कळलं. माणूस तिच्यासाठी भावाशीही भांडतो. म्हणून कलम मागताना ते कोणाच्या विरुद्ध लिहिताय ते आधी ठरवा.

तासमोजणी
सर तुमची पोस्ट दोनदा वाचली.
मी अजून कुठेच नाही. सीपीएल (व्यावसायिक वैमानिकाचं लायसन्स) होऊन दोन वर्षं झाली, खेडचं घर गहाण आहे, वडील रिटायर झालेत. टाइप रेटिंगला (ठरावीक विमानाच्या ट्रेनिंगला) अजून पैसे लागणार म्हणून थांबलोय. रोज सकाळी कंपन्यांच्या व्हेकन्सी बघतो मग गोठ्यातली कामं आणि मग परत अभ्यास. व्हीवन सर म्हणतात मार्ग उघडला की जागा तयार होते, भाट्येकर म्हणतात जागा बाहेर जाते. माझ्यासारख्याला काय फरक पडतो ते कोणी सांगेल का? कलम आलं तर मला नोकरी लागेल का?

भाट्येकर
मित्रा, खोटं आश्वासन देत नाही. पण गणित असं आहे. लांबच्या फ्लाइटला एकेका विमानामागे वैमानिक जास्त लागतात, कारण ड्यूटी लांब, रात्रीची, कधी तीन-चार जण जोडीने जातात आणि नंतर विश्रांती जास्त. ती विमानं आपल्या लिस्टवर आली की माझे कमांडर तिकडे जातात, त्यांच्या डाव्या सीटवर मी जातो, आणि माझी उजवी सीट रिकामी होते. ती तुझी. लीजवर वैमानिकासकट विमान आलं की ही साखळी वरूनच तुटते, आणि तुटलेली दिसतसुद्धा नाही कारण कोणाला काढलेलं नसतं.

चिपळूण_ते_आखात
मी बारा वर्षं आखातात उडतोय. सगळं वाचलं आणि थोडं मनाला लागलं, म्हणून लिहितोय.

मी कोण? मी बाहेरचाच. ज्या कंपनीत उडतो तिथे पंचवीस-तीस देशांचे वैमानिक आहेत, आणि त्या देशाचे स्वतःचे तरुण पण आहेत ज्यांना वाटू शकतं की चिपळूणचा हा माणूस आमच्या सीटवर काय करतोय. आपण इकडे यायला मोकळे आणि तिकडून कोणी आलं की कलम, हे मला पटत नाही. यूएईत तर युनियनच करता येत नाही. रोस्टर (ड्यूटीचं वेळापत्रक) येतं, मुकाट उडायचं. तरी आपली मुलं रांग लावून येतात ना? का येतात, त्याचा आधी विचार करा. घरच्या कंपन्यांनी रोस्टर माणसासारखं दिलं असतं तर मी वाशिष्ठीचा काठ सोडला नसता. आई एकटी असते, पूर आला की फोन लागेपर्यंत जीव थाऱ्यावर नसतो.

निवृत्त_कॅप्टन
तुझं म्हणणं खरं आहे. पण एक फरक लक्षात घे. तू गेलास तो त्यांच्या लिस्टवर गेलास, त्यांच्याच पगारावर, शेजारच्या सीटवर बसलेल्या त्यांच्या माणसाइतक्याच नियमात. लीजचा वैमानिक वेगळ्या कंपनीच्या वेगळ्या करारावर येतो. व्यक्ती म्हणून दोघे सारखे, करार म्हणून अजिबात नाही.

आणि करार वेगळा असला की काय होऊ शकतं ह्याचं सगळ्यात वाईट उदाहरण सांगतो. १२ फेब्रुवारी २००९, बफेलो, अमेरिका. तिकिटावर मोठ्या कंपनीचं नाव, कॉन्टिनेंटल कनेक्शन. उडवणारी कंपनी वेगळी, कोलगन एअर नावाची छोटी. क्यू४०० विमान स्टॉलमध्ये गेलं, म्हणजे पंखांची उचल संपून कोसळलं, ५० माणसं गेली, त्यातला एक जमिनीवर घरात बसलेला. चौकशीत बाहेर आलं की को-पायलट मुलगी तुटपुंज्या पगारावर होती आणि रात्रभर देशाच्या दुसऱ्या टोकाहून विमानं बदलत ड्यूटीला आली होती. थकवा, ट्रेनिंग, पगार, सगळं उघडं पडलं. लोकांनी तिकीट घेतलं होतं मोठ्या नावावर विश्वास ठेवून. त्यानंतर मेलेल्यांच्या नातेवाइकांनी अमेरिकेच्या काँग्रेसच्या (संसदेच्या) पायऱ्या झिजवल्या आणि २०१३ पासून तिकडे एफओला पण उड्डाणाच्या १५०० तासांची अट आली.

तिथल्या वैमानिकांच्या युनियन काय करतात? बाहेर द्याल ते विमान ७६ सीटच्या वर नको आणि वजन ८६ हजार पौंडांच्या वर नको, ही रेघ तीन मोठ्या कंपन्यांच्या करारात आजही आहे. परदेशी कंपनीबरोबर भागीदारी केली तर त्यातल्या उड्डाणात आपल्या वैमानिकांचा वाटा किती राहील तेही लिहून घेतात. भागीदारी बंद करा असं नाही म्हणत ते. वाटा लिहा म्हणतात.

मालवणचो_झील
वाटो! ह्याच तर मी सांगतंय. आमच्या रापणीत, म्हणजे किनाऱ्यावरसून जाळा ओढतत तेतूर, जो दोरी ओढता तेका वाटो गावता, मगे तो गावचो असो नायतर पावणो. गेल्या वर्षी एक कोल्लापूरचो शाळेमास्तर ट्रीपला इलेलो, पँट गुडघ्यापर्यंत वर करून आमच्यावांगडा ओढूक लागलो. तेका पण चार बांगडे गावले, तो रडाचो बाकी होतो. भायरच्याचो राग नाय कोणाक. दोरी न ओढता मासळी नेतत तेंचो राग.

देवगडची_पेटी
मास्तरांनी बांगडे कोल्हापूरपर्यंत नेले की वाटेतच खाल्ले? 😀

मालवणचो_झील
माझ्याच आयेन तळून दिले, सोलकडी वांगडा. दोन वेळ भात घेतल्यान.

गुहागरची_लेक
मी केबिन क्रू आहे. लीजच्या विमानावर जाते, म्हणून मला आतलं थोडं माहिती आहे, कंपनीचं नाव मीही लिहीत नाही.

पहिली गोष्ट, ते वैमानिक खूप नीट असतात, ब्रीफिंगला वेळेवर, सीट टु सीट येऊन नाव विचारतात. त्यांच्याबद्दल कोणाच्या मनात काही नसावं. पण रोजचं काम बघा. ज्या विमानावर मी शिकले तिथे दार उघडायची पद्धत एक आणि इथे वेगळी, ऑक्सिजनची बाटली वेगळ्या कोपऱ्यात, इमर्जन्सीत ओरडायचे शब्द सुद्धा त्यांच्या मॅन्युअलप्रमाणे. त्याचं ट्रेनिंग देतात, परीक्षा होते, सगळं नियमाने. तरी पहिल्या काही फ्लाइटना मी जंपसीटवर (क्रूच्या घडीच्या सीटवर) बसले की डोळे मिटून मनात दार उघडायची, हँडल वर, मग बाहेर ढकल. एकदा शेजारची परदेशी मुलगी हसून म्हणाली तू पण करतेस का हे, मी तर पाच वर्षं झाली तरी करते.

तीच मुलगी आणि मी, एकच ट्रॉली दोन बाजूंनी ढकलतो. पगार दोघींचा वेगळा, लेओव्हरचा भत्ता वेगळा. चूक तिची नाही माझी पण नाही.

आता भाट्येकर, सरळ विचारते. तुमच्या कलमात आम्ही आहोत का? की फक्त कॉकपिटच्या दारापर्यंतच ते कलम चालणार?

भाट्येकर
ताई, खरं सांगतो, मी तो विचार केलाच नव्हता. बैठक फक्त वैमानिकांची आहे. पण तुम्ही म्हणता ते बरोबर आहे, मी लिहून घेतो.

दाभोळ_खाडी
तीन दिवस नेटवर्क नव्हतं, आज सगळं एकदम वाचलं. मी बोटीवर बोसन (डेकवरच्या खलाशांचा मुकादम) आहे, अठ्ठावीस वर्षं झाली सीडीसी (खलाशाचं पुस्तक) हातात घेऊन. भाट्येकर तुम्ही सुरुवातीला म्हणालात बोटीवरच्यांना हे कळेल, तर कळलं, आणि जरा जास्तच कळलं.

आत्ता ज्या जहाजावर आहे त्याचा झेंडा पनामाचा, मालक ग्रीसचा, मॅनेजर सिंगापूरचा, कॅप्टन युक्रेनचा आणि डेकवर आम्ही दापोली-गुहागरचे आणि फिलिपिनो. तुम्हाला जे आत्ता नवीन वाटतंय ते आमच्याकडे शंभर वर्षं जुनं आहे. आणि कॅप्टन काका म्हणाले ते कोणाविरुद्ध लिहिताय ते ठरवा, हे फार मोठं बोलले. कारण ह्या गोष्टीत कोकण दुसऱ्या बाजूला आहे. आमचे पणजोबा पी अँड ओ ह्या इंग्रज कंपनीच्या बोटींवर बंकरमध्ये कोळसा ओढायला गेले तेव्हा त्यांना लास्कर म्हणायचे, त्यांचा करार वेगळा असायचा आणि पगार गोऱ्या खलाशापेक्षा कितीतरी कमी. घ्यायचं कारणच ते होतं. गोऱ्या खलाशांच्या युनियनला आमचे आजे-पणजे नको होते. त्या पगारावर आमच्या वाडीतली चिऱ्याची घरं उभी राहिली आहेत. त्यामुळे बाहेरच्याला हाकला असं कोणी म्हटलं की माझ्या तोंडून हो निघत नाही.

पण दुसरी बाजू पण बघितली आहे. १७ मार्च २०२२, पी अँड ओ फेरीज, इंग्लंड. ७८६ खलाशांना रेकॉर्ड केलेला व्हिडिओ दाखवून एका सकाळीत काढलं आणि एजन्सीचा क्रू चढवला, तासाला सरासरी साडेपाच पौंड, तिथल्या किमान वेतनाच्या खाली. त्या एजन्सीच्या क्रूमध्ये आपले भारतीय पण होते. मेसमध्ये आम्ही ती बातमी बघत होतो तेव्हा कोणीच बोलेना. जेवण ताटात निवून गेलं. दोन्हीकडे आपणच होतो ना, काढलेल्याच्या जागीही उद्या आपण असू शकतो आणि चढवलेल्याच्या जागीही.

मग उपाय काय? आयटीएफ, म्हणजे वाहतूक कामगारांची जागतिक संघटना, १९४८ पासून ह्या सोयीच्या झेंड्यांविरुद्ध, म्हणजे मालक एका देशाचा आणि झेंडा दुसऱ्याच देशाचा ह्याविरुद्ध, लढते. त्यांनी एक शहाणपणाचं केलं. खलाशी कुठल्या देशाचा हे बघायचंच नाही. रँकप्रमाणे दर ठरवायचा. मालकाने करारावर सही केली की जहाजाला निळं सर्टिफिकेट, आणि बंदरात त्यांचा इन्स्पेक्टर शिडी चढून येतो, पगाराच्या पावत्या मागतो. सगळीकडे चालतं असं नाही, बरीच जहाजं कराराच्या बाहेर आहेत. पण जिथे आहे तिथे स्वस्त म्हणून माणूस बदलायचं कारणच संपतं. मग २०१३ पासून एमएलसी, म्हणजे खलाशांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार, लागू झालं, आणि २०१७ पासून जहाज मालकाने वाऱ्यावर सोडलं तर चार महिन्यांपर्यंतच्या पगाराची हमी विम्याने भरायची. हे कोणी आपणहून दिलेलं नाही.

आणि भाट्येकर, तुमच्या धंद्यातला आमचा धागा पण सांगतो. नॉर्वेजियन नावाच्या कंपनीने अमेरिकेला जायला आयर्लंडमध्ये कंपनी काढली होती, तेव्हा अमेरिकन वैमानिकांनी ओरडून सांगितलं होतं की हा आकाशातला सोयीचा झेंडा आहे, आमचाच शब्द वापरला. तीन वर्षं परवाना अडला, डिसेंबर २०१६ ला मिळाला. जानेवारी २०२१ ला त्यांनी लांबची उड्डाणंच बंद केली. त्यांची ७८७ विमानं घेऊन जी नॉर्स उभी राहिली तिचे संस्थापक ब्योर्न टोरे लार्सन मूळ जहाजांना क्रू पुरवण्याच्या धंद्यातले, ओएसएम मेरिटाइम त्यांनीच काढली. म्हणजे जी पद्धत आम्ही समुद्रावर बघितली, ती जाणणारी माणसं आता आकाशात आहेत. ते वाईट आहेत असं मी म्हणत नाही, त्यांना त्यांचा धंदा नीट कळतो. तुम्हाला पण तेवढाच नीट कळायला हवा.

चिपळूण_ते_आखात
दाभोळ, तुझ्या पोस्टनंतर माझं मत थोडं हललं. रँकप्रमाणे दर, देशाप्रमाणे नाही, ह्याला माझा पूर्ण पाठिंबा. माझ्या बाजूचा माणूस माझ्याच कामाला निम्म्यात मिळतो हे कळलं तर मलाही झोप लागणार नाही.

व्हीवन
पोस्ट उत्तम. तरी व्यवहाराचा प्रश्न राहतोच. जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ ला बंद पडली. करारात सोन्याचं कलम असतं तरी काय वाचलं असतं? कंपनी जगली तर कलम. आणि लीज घेणाऱ्या कंपनीला पलीकडच्या कंपनीचे पगार ठरवता येत नाहीत, ते त्यांच्या देशाच्या कायद्याने ठरतात. युरोपातल्या वैमानिकाचा पगार आपल्यापेक्षा कमीच असतो असंही नाही. तिथे समान दर मागितला तर उलटं आपलं वाढवून मागताय असं होईल.

निवृत्त_कॅप्टन
मग वाढवून मागूया! त्यात लाजायचं काय?
फ्रान्सचं उदाहरण बघ. सप्टेंबर २०१४ ला एअर फ्रान्सचे वैमानिक दोन आठवडे संपावर होते, कारण ट्रान्सेव्हिया ही स्वस्त कंपनी दुसऱ्या देशांतून वेगळ्या करारावर वाढवायची होती. त्यांचं म्हणणं होतं एकच करार सगळ्यांना. तो युरोपचा बेत कंपनीने मागे घेतला, पण फ्रान्समधली स्वस्त कंपनी वाढली ती वाढलीच, आणि संपाचा फटका शेकडो मिलियन युरोंचा बसला. संप हे शेवटचं हत्यार, त्याने आपलाही हात कापतो. म्हणून म्हणतो, वेळेवर चार ओळी लिहून घ्या.

व्हीवन
चार ओळी लिहायच्या तर माझी पण एक घ्या. लीज बंद असं लिहू नका. लीज किती महिने, आणि त्या महिन्यांत आपले किती वैमानिक त्या विमानाच्या टाइप रेटिंगला जाणार, हे लिहा. विमान आलं आणि आपला वैमानिक तयारच नाही असं झालं तर लीज वाढवायला कंपनीला आपणच कारण दिलं असं होतं. मे २०२५ ला टर्किशच्या विमानांना डीजीसीएने (आपल्या विमान वाहतूक नियामकाने) तीनच महिन्यांची मुदत दिली तेव्हा सगळ्यांना कळलं की मुदत ही वरून अचानक पण येऊ शकते, राजकारणाने सुद्धा. तयारी आपल्या हातात.

तासमोजणी
आणि त्या साखळीच्या शेवटी उजवी सीट भरायची पण एक ओळ लिहा ना सर.

भाट्येकर
सगळ्यांचं वाचलं, काल रात्री मांडवीच्या धक्क्यावर बसून परत एकदा वाचलं. मी ज्या मनाने धागा काढला होता त्यात राग होता, तो त्या बाह्या दुमडलेल्या माणसावर जात होता, आणि ते चुकीचं होतं. त्याच्याही घरी कोणीतरी रोस्टर फ्रिजवर चिकटवून वाट बघत असेल.

बैठकीत हे मांडणार : आमच्या फ्लाइट नंबरवर बाहेरचं विमान किती महिने चालेल त्याला तारीख, आणि वाढवायचं तर आमच्याशी बोलून, लांबच्या एकूण तासांपैकी आमच्या लिस्टचा किमान वाटा, जो दरवर्षी वाढेल, लीजच्या पहिल्या दिवसापासून सीनियॉरिटीप्रमाणे आमच्यातल्यांना त्या विमानाचं ट्रेनिंग आणि त्यांच्या जागी खालून भरती, हे तासमोजणीसाठी, शक्य तिथे आमचे एफओ त्यांच्याबरोबर जादा वैमानिक म्हणून, म्हणजे शिकायलाही मिळेल, आणि एकाच विमानात एकाच कामाला दोन भत्ते नकोत, हे केबिन क्रूला धरून, गुहागरच्या ताई तुमचा शब्द मी पाळणार. बैठकीला वीस जण येतील की चाळीस माहीत नाही. अपॉइंटमेंट लेटर एकेकट्याचं असलं तरी मागणीच्या कागदावर सह्या एकत्र करता येतात.

दाभोळ_खाडी, एक विनंती. तुमच्या जहाजावरच्या कराराची, रँक आणि दराचं पान आहे ना, तेवढं बघायला मिळेल का? कलम कसं शब्दांत बांधतात ते मला कधी बघायलाच मिळालं नाही.

गुहागरची_लेक
आमच्याकडून तिघी बैठकीला आल्या तर चालेल का? बाहेर बसू पण येऊ.

भाट्येकर
बाहेर का? आतच या. खुर्च्या मी लावतो.

मालवणचो_झील
खुर्च्ये कमी पडले तर सांग, आमच्या मंडळाचे पन्नास आसत. टेम्पोत घालून पाठवतंय.

दाभोळ_खाडी
पान आहे. मेसच्या बाहेर नोटीस बोर्डला लावलेलं असतं, कोणालाही वाचता आलं पाहिजे हा नियमच आहे. खालचा कोपरा ओल येऊन गेलाय पण दर वाचता येतात. परवा यूएईतल्या फुजैरा बंदराला नांगर टाकणार, तिथे सिग्नल येतो. फोटो काढून टाकतो. पान तीन आणि पान सात नीट बघा, सातवर पगार उशिरा झाला तर काय, ते आहे.